संडासापासून किती लांब?

डॉक्टरीणबाईंनी हातमोजा काढून टोपलीत टाकला, नळाखाली हात धुतले आणि पुसता पुसताच म्हणाल्या, "ही मूळव्याध नाही. बोटाला गाठ लागते आहे, आणि ती अगदी खाली आहे."

मी टेबलावरून उतरून पातळ सारखं करत होते. खरं सांगते, मला आधी गाठीचं काही वाटलं नाही. माझ्या पोरीच्या वयाची ती डॉक्टरीण, तिला माझ्यापायी असली तपासणी करावी लागली याचीच लाज वाटली. गाठीचं मागून कळलं, अकोल्याच्या त्या दवाखान्याबाहेर बाकावर बसल्यावर.

तोवर वर्षभराहून जास्त काळ मला रक्त जात होतं. त्या काळात मलमं झाली, गोळ्या झाल्या, एका वैदूने दिलेली कसलीशी कडू पूडही ताकातून घेऊन झाली. बोट लावून मात्र कोणी पाहिलं नाही. आणि कोणी पाहतो म्हटलं असतं तरी मी पाहू दिलं नसतं. जिच्यावर ही पाळी येईल तिने माझ्यासारखं करू नये, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी निर्मला. वरवट बकालची. शाळा दहावीपर्यंत. आमचं थोडं शेत आहे, ते आमच्या घरचे बघतात, म्हणजे माझे यजमान. मी बायांची टोळी घेऊन कापूस वेचायला जाते. आमचा कापूस झाला की दुसऱ्यांचा. टोळीची मुकादम मी, आणि हात सगळ्यात जलद माझा असायचा. यात फुशारकी नाही, द्वारकाला विचारा. ती माझ्या शेजारच्या ओळीत असते आणि ऑपरेशनच्या आधी तिने मला कधी मागे टाकलं नव्हतं.

आता वेचणीचं थोडं सांगते, कारण माझं दुखणंही त्यातच लपलं आणि पुढे ऑपरेशनही त्यावरूनच ठरलं. पूर्वीचा कापूस थोडा थोडा फुटायचा, सावकाश वेचायचा. बीटी बियाणं आलं तेव्हापासून शेत एकदम पांढरं होतं, आणि अळीने बोंडं खायच्या आत, अवकाळी पडायच्या आत माल घरात यावा म्हणून जो तो घाई करतो. आम्ही उजाडता उजाडता शेतात शिरतो ते दिवस मावळेपर्यंत. शेतात संडास नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आता आडोसा होईल एवढी झाडंही राहिली नाहीत. चहूकडे गडीमाणसं, फवारणीवाले, रस्त्यावरून मोटारसायकली. म्हणून बाया काय करतात? पहाटे अंधारात एकदा जाऊन यायचं आणि मग दिवसभर पोटाला कुलूप. भाकर अर्धी खायची. पाणी तर नुसतं ओठ ओले करण्यापुरतं. तांब्या झाडाखाली भरलेला असतो आणि संध्याकाळी तो तसाच ओतून देतात.

याचं व्हायचं तेच होतं. सगळ्यांची पोटं कडक, सगळ्यांना खाली जळजळ, कधीमधी रक्त. आमच्यात त्याला वेचणीचं दुखणं म्हणतात आणि त्यावर हसून मोकळ्या होतात. त्यामुळे मला रक्त दिसलं तेव्हा मला काही वेगळं झालंय असं वाटलंच नाही. सगळ्यांना होतं तेच मला झालं. वेचणी संपली की थांबेल म्हटलं.

वेचणी संपली. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून झाल्या. दुसरी वेचणी सुरू झाली तरी रक्त काही थांबलं नाही. वरून सारखं जावंसं वाटायचं, आणि जाऊन बसलं तर काही नाही. वजन उतरलं. तेव्हा मलकापूरहून माझा मोठा भाऊ, रमेशदादा आला आणि मला अकोल्याला घेऊन गेला. तो मलकापूरच्या एका जिनिंग कारखान्यात कामाला आहे. आवाज मोठा आणि मन हळवं असा माणूस. गाठ म्हटल्यावर दवाखान्यात सगळ्यांदेखत रडला तो, मी नाही.

पुढच्या तपासण्या नागपूरला झाल्या. कोलोनोस्कोपी म्हणजे खालून दुर्बीण घालून आतडं बघतात. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पितात, तो त्रास खुद्द तपासणीपेक्षा जास्त. बायॉप्सी म्हणजे गाठीचा बारका तुकडा काढून तपासायला पाठवतात. एमआरआयमध्ये एका बोगद्यात निजवतात, यंत्र खडखड वाजतं, गाठ किती खोल गेली ते त्यात दिसतं. एवढं झाल्यावर डॉक्टरांनी नाव सांगितलं: लो रेक्टल कॅन्सर. रेक्टम म्हणजे मलाशय, आतड्याचा शेवटचा भाग. त्याच्याही अगदी टोकाला, शौचाच्या दारापाशी माझी गाठ होती.

आधी किरणांचा शेक आणि त्यासोबत केमोच्या गोळ्या. याला केमोरेडिएशन म्हणतात. गाठ आक्रसावी म्हणून ऑपरेशनच्या आधी देतात. पाच आठवडे रोज यंत्राखाली निजायचं. आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहिलो. शेक दुखत नाही, पण पुढे पुढे खालची कातडी सोलवटते आणि अंगात जीव राहत नाही. घरचे अधूनमधून गावी जाऊन येत. त्या साली आमच्या शेतातली निम्मी बोंडं किडकी निघाली. हे मला त्यांनी सांगितलंच नाही. मी नुसतं विचारायची, "वेचणी कशी?" ते म्हणायचे, "होऊन राह्यली." चेहऱ्यावरून मला कळायचं ते कळत होतं.

शेक संपल्यावर काही आठवडे थांबायला सांगतात. मग पुन्हा एमआरआय. गाठ बरीच आक्रसली होती. सर्जन तरुण, शांत बोलणारे. त्यांनी कागदावर चित्र काढून दोन रस्ते समजावले. जसे मला समजले तसे सांगते.

एक, इंटरस्फिंक्टेरिक रिसेक्शन. गाठीचं मलाशय काढायचं, दाराच्या आतल्या स्नायूचा थोडा भाग काढायचा आणि वरचं आतडं खाली ओढून दाराला जोडायचं. जोड भरेपर्यंत काही महिने पोटावर पिशवी, मग ती बंद. संडासला बसायची वाट पूर्वीचीच राहते. दुसरं, अ‍ॅब्डॉमिनो-पेरिनिअल रिसेक्शन, ज्याला ते एपीआर म्हणत. त्यात मलाशयासोबत दारही काढून ती जागा शिवून टाकतात आणि पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं तोंड काढतात. त्याला कोलोस्टॉमी म्हणतात. त्यावर पिशवी. ती जन्मभर.

"तुमच्या बाबतीत दोन्हीने कॅन्सर निघेल असं मला वाटतं," डॉक्टर म्हणाले. "त्यामुळे पुढे कसं जगायचं, हे बघून ठरवू या. आपल्याला वाट वाचवता येते आहे, तर वाचवावी." वाट वाचवली तर काही दिवस घाईचा त्रास होतो, हेही त्यांनी सांगितलं. पण "वाचवता येते" यापुढे आम्हाला कोणाला काही ऐकूच आलं नाही. रमेशदादाने लगेच हात जोडले. घरच्यांनी मान हलवली. माझीही हलली. जन्मभर पोटावर पिशवी कोणाला हवी असते? त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी पोटावर खूण करायला स्टोमा सिस्टर आल्या. स्टोमा म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, आणि त्याची जागा आधी ठरवावी लागते. कोणतंही ऑपरेशन झालं तरी पिशवी थोडे दिवस लागणारच होती, म्हणून त्या दोन्ही बाजूंना खुणा करत होत्या. मला बसवलं, वाकवलं, निजवलं. साडीची गाठ कुठे येते ते पाहिलं. मग विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, कापूस वेचते. कमरेला काही बांधता का? म्हटलं, झोळी बांधतो, कापूस टाकायला. तर त्या म्हणाल्या, बांधून दाखवा.

मी पलंगावरची चादर ओढली, चार टोकं घेऊन झोळी केली, कमरेला बांधली आणि वॉर्डाच्या मधोमध वाकून दोन्ही हातांनी हवेतला कापूस वेचायला लागले. आजूबाजूच्या बाया हसायला लागल्या. सलाईन लावलेली एक म्हातारी म्हणाली, माझ्याही ओळीतला घे. मीही हसले. सिस्टर मात्र खाली बसून माझं पोट बघत होत्या. झोळीची गाठ जिथे येत होती त्याच्या वर त्यांनी पेनने गोल केला. मग पेनला टोपण लावत सहज विचारावं तसं विचारलं, "आणि तिथे शेतात संडासला कुठे जाता?"

मी म्हटलं, "जातच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे डॉक्टरांना सांगितलं आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, त्यांनी विचारलं नाही आणि मला सुचलं नाही. मग असं ऑपरेशन होऊन तपासणीला आलेल्या दोन माणसांशी त्यांनी माझी गाठ घालून दिली, एवढंच केलं.

पहिले एक निवृत्त हेडमास्तर. त्यांची वाट वाचवली होती. ते समाधानी होते, आणि ते मी मुद्दाम लिहिते. पण घरी त्यांच्या खोलीला लागून संडास होता. सांगत होते की सकाळी चार-पाचदा जावं लागतं, जेवल्यावर पुन्हा, आणि आली की थांबता येत नाही. बाहेर निघायचं तर आदल्या दिवसापासून जेवण तोडतात. याला लार्स म्हणतात, म्हणजे दार वाचवलं तरी मलाशय गेल्यामुळे साठवायला जागा राहत नाही. बोलता बोलता ते दोनदा उठून गेले. परत आले की बिचारे माफी मागायचे.

दुसऱ्या शमीमबी. देऊळघाटच्या. आठवडी बाजारात बांगड्या विकतात. त्यांना जन्माची पिशवी. माझ्या शेजारी बसून त्यांनी मला बरंच काही विचारलं, किती शेत, पोरं किती, आणि मी त्यांच्या पोटाकडे बघत होते तरी मला काही दिसत नव्हतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "काय पाह्यतं बाई, हाय ना, हे इथं हाय. मी सकायी उठून धुते, साफ करते, बाजारात जाऊन बसते ते संध्याकायपर्यंत. आधी गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी अर्धी चढवली की मले संडासले पयावं लागे. आता नाई पयत."

पहिल्या दिवसात खूप रडल्या होत्या, हेही त्यांनी सांगितलं. नवऱ्याने तोंड फिरवलं होतं. मग आला वळणावर. पिशवी गळते कधी, वास येतो कधी, जवळ एक जोडी कपडे ठेवावे लागतात. काही लपवलं नाही त्यांनी.

त्यानंतर मी सर्जनकडे एकटीच गेले. मनात एकच प्रश्न होता आणि तो मी जसा सुचला तसा विचारला. "वाट वाचवली तर संडासापासून किती लांब जाता येईन मले?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "पहिलं वर्षभर तरी लांब जाऊ नका असंच सांगेन. पुढे बऱ्याच जणांचं सुधारतं. काहींचं नाही सुधारत. तुम्ही शेक घेतला आहे, त्यामुळे तुमचं कसं होईल ते आज मला सांगता येणार नाही." मी वेचणीचं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, हे मी आधी विचारायला हवं होतं. आणि घाई करू नका, घरच्यांशी बोला, असंही म्हणाले.

दादाशी आणि घरच्यांशी बोलले आणि रणकंदन झालं. दादा धर्मशाळेच्या अंगणात ओरडला, "जन्मभर पोटावर पिशवी घेऊन फिरशीन? लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, "पिशवी पातयाच्या आत राहीन दादा. ते दुसरं पातयाच्या बाहेर येईन." तो तरातरा बाहेर निघून गेला.

घरचे ओरडले नाहीत. ते म्हणाले, "शेतात जा म्हून कोनं सांगतलं तुले? घरी बस. म्या हावो ना."

प्रेमानेच म्हणाले ते, मला कळत होतं. तरी मला भयंकर राग आला. घरी बसायचं. संडासाच्या दाराशी खाट टाकायची, खिडकीतून बायांची टोळी जाताना बघायची, द्वारकाच्या पुढे कोण वेचतंय ते संध्याकाळी दुसऱ्यांना विचारायचं. एवढ्यासाठी का मी तो शेक सोसला? मी म्हटलं, "घरी बसाले मी वाचून नाई राह्यली. मले टोयीत जायाचं हाय. तुमाले पिशवीची किळस येत असन तर तसं सांगा."

"किळस नाई," ते म्हणाले. "भेव वाटते." मग माझाही राग गेला, कारण भीती मलाही वाटत होती. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.

एपीआर झालं, जन्माच्या पिशवीचं. शुद्धीवर आल्यावर दोन दिवस मी पोटाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरने चादर बाजूला केली. लालबुंद, ओलं, गालाच्या आतल्या बाजूसारखं काहीतरी माझ्या पोटावर होतं. मी ढसाढसा रडले. आपणच हे मागून घेतलं, आता कोणाला दोष द्यायचा, हे सारखं मनात यायचं. दार नसूनही बसायला जावंसं वाटायचं, ती भावना कित्येक महिने जात नाही. खालची जखम भरायला फार वेळ लागला. उशीशिवाय बसता येत नव्हतं. त्यानंतर केमोचे डोस झाले. हे सगळं सोपं होतं असं मी कोणाला सांगणार नाही.

पिशवी लावायची म्हणजे तिच्या चकतीला स्टोमाच्या मापाचं भोक कापावं लागतं. मोठं झालं तर कातडी जळते, लहान झालं तर रुततं. मला ते माप जमेना. घरच्यांनी सिस्टरकडून कात्री घेतली आणि चष्मा लावून, जीभ ओठात धरून एक गोल कापला. संसारात कधी शर्टाला बटण लावलं नाही या माणसाने. सिस्टर म्हणाल्या, छान जमलं. तेव्हापासून ते काम त्यांचंच आहे, आणि मी दुसऱ्याला करू दिलं तर रुसतात.

पुढे काही महिन्यांनी डॉक्टरांना विचारून इरिगेशन शिकले. सकाळी स्टोमातून कोमट पाणी सोडून आतडं रिकामं करायचं, मग बराच वेळ ते शांत राहतं. सगळ्यांना ते चालत नाही, विचारल्याशिवाय करू नये. पाणी भरपूर प्यावं असं सिस्टरने बजावलं होतं. आणि जड उचलायचं नाही, नाहीतर स्टोमाजवळ हर्निया होतो, म्हणजे आतडं बाहेर फुगतं. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेणं तेवढं कायमचं सुटलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

माझं ऐकून कोणी पिशवीच घ्यावी असं माझं म्हणणं नाही. हेडमास्तरांना त्यांचा रस्ता बरोबर होता. प्रत्येकाची गाठ वेगळी, आणि काहींना दोन रस्ते मिळतही नाहीत. पण मिळाले तर आपला दिवस कसा जातो ते डॉक्टरांना सगळं सांगा, लाजू नका. आणि रक्त दिसलं तर त्याला वेचणीचं दुखणं म्हणू नका. बोट लावून तपासू द्या. आमच्या टोळीतल्या दोघींना मी स्वतः अकोल्याला घेऊन गेले. दोघींनाही मूळव्याधच निघाली, आणि परतीच्या एसटीत दोघी मला शिव्या देत होत्या. आनंदाने ऐकून घेतल्या.

पुढच्या दसऱ्यानंतर पहिली वेचणी आमच्याच शेतात होती. झोळी मी कमरेला न बांधता खांद्यावरून अडकवायची शिवून घेतली होती. शेतात पोचले तर धुऱ्यावर काहीतरी उभं दिसलं. घरच्यांनी चुलीसाठी राखलेल्या पऱ्हाट्या आणून चार बांबूंना बांधल्या होत्या आणि आडोसा केला होता. आत खड्डा, खड्ड्यावर दोन फरशा, दाराला पोतं. बाहेर पाण्याचा ड्रम. दोन दिवस कुठे गायब होते ते आता कळलं.

"हे कोनासाठी?" मी विचारलं.

"तुह्यासाठी," ते म्हणाले.

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "मले काय कराचा हाय आता? मी तर सकायीच मोकयी होऊन आली." त्यांनी डोकं खाजवलं. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढी मेहनत करून बिचारे ओशाळले आणि पोतं सारखं करत उभे राहिले. मी हसता हसता रडले, कशासाठी ते मला नीटसं सांगता येणार नाही.

मग आम्ही ओळी धरल्या. माझा हात मंदावला होता आणि द्वारका पहिल्यांदाच माझ्या पुढे निघून गेली. मी तिला जाऊ दिलं असं सांगितलंय, पण ते खोटं आहे. ऊन चढल्यावर झाडाखाली बसलो. मी तांब्या उचलला आणि सगळ्यांसमोर, तोंडाला लावून, गटागटा अख्खा प्याले. इतकी वर्षं कापूस वेचला, पण शेतात तहान भागेपर्यंत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा प्याले.

बाया माझ्याकडे बघत होत्या. द्वारकाने माझ्याकडे पाहिलं, मग धुऱ्यावरच्या आडोशाकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.

"दे बरं इकडं तो तांब्या."

त्या दिवशी ड्रम दुपारीच संपला, आणि घरच्यांना विहिरीवरून दोनदा पाणी आणावं लागलं.